कापड खरे, फोटो खोटा : रॉ फोटोसाठी सॉफ्टवेअर निवडताना

गेल्या वर्षीची गोष्ट आहे. मोरपंखी रंगाच्या साड्यांचा एक लॉट आम्ही विदर्भातील एका जुन्या दुकानदाराला पाठविला. ऑर्डर फोटोवरून आली होती. दुकानदाराने पार्सल सोडविले, दोन गठ्ठे उघडून पाहिले आणि सगळाच माल जसाच्या तसा परत लावून दिला. सोबत एका ओळीची चिठ्ठी होती : ‘रंग फोटोप्रमाणे नाही.’ या दुकानाशी आमचा बावीस वर्षांचा व्यवहार आहे. त्यांनी फोनवर चार शब्द सुनावले असते तरी आम्हांला इतके वाईट वाटले नसते.

आम्ही लगेच रंगाऱ्याला बोलाविले. शेड चुकली असे सांगून त्याच्या बिलातून रक्कम कापली. तो एवढेच म्हणाला, ‘शेठ, एकदा नमुन्याला लावून तर बघा.’ आम्ही बघितले नाही. आमच्या हातात मोबाईल होता, मोबाईलमध्ये फोटो होता आणि फोटोत साडी निळी दिसत होती. पाठविलेला माल हिरवट होता. यापेक्षा जास्त पुरावा कशाला हवा, असे आम्हांला त्या वेळी वाटले.

पुढे काही महिन्यांनी आमच्या पुतण्याने त्याच लॉटमधील एक साडी, रंगाऱ्याला दिलेला मूळ नमुना आणि तो फोटो हे तिन्ही दुकानाच्या ओट्यावर, सकाळच्या उजेडात शेजारी शेजारी ठेवले. साडी आणि नमुना यांत सुताचाही फरक नव्हता. वेगळा होता तो फोटोच. म्हणजे रंगारी खरा होता, कापड खरे होते, आणि खोटा ठरला होता आम्ही पाठविलेला फोटो. कापलेली रक्कम आम्ही रंगाऱ्याला घरी जाऊन परत केली आणि त्याची माफी मागितली. परंतु त्याने ते काही महिने कसे काढले असतील, हा विचार आजही मनातून जात नाही.

त्यानंतर फोटो आणि फोटोवर काम करणारी सॉफ्टवेअर्स यांच्या मागे आम्ही जवळजवळ सहा महिने लागलो. आम्ही छायाचित्रकार नाही. शिक्षण उर्दू शाळेत झालेले, त्यामुळे इंग्रजी मेनू वाचताना सुरुवातीला पुतण्याला विचारावे लागे. पण कापडाचा रंग ओळखण्यात आमचे आयुष्य गेले आहे, आणि त्याच नजरेने आम्ही हा विषय तपासला. आज मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील लहानसहान यंत्रमागवाल्यालाही फोटोशिवाय माल विकता येत नाही. हिमरू विणणारा, जरीकाम करणारा, चपला बनविणारा, तांब्या-पितळेची भांडी घडविणारा, सगळ्यांचीच ही गरज आहे. म्हणून जे कळले ते व्यापारी आणि कारागीर बंधूंपुढे ठेवीत आहोत.

ग्रे कापड आणि रंगविलेले कापड

कॅमेरा दोन प्रकारे फोटो साठवितो. पहिला प्रकार जेपीईजी. दुसरा रॉ, म्हणजे कच्चा. हा फरक कापडवाल्याला समजावयास कठीण नाही. रॉ म्हणजे मागावरून उतरलेले ग्रे कापड आणि जेपीईजी म्हणजे रंगवून, फिनिश करून, घडी घालून आलेले कापड. ग्रे तुमच्या हातात असेल तर त्याला हवी ती शेड देता येते. एकदा गडद निळे रंगविलेले कापड पुन्हा फिके पिवळे करावयाचे म्हटले तर ते होत नाही, आणि जबरदस्तीने केले तर कापडाचा जीव जातो.

आकड्यांत सांगावयाचे तर जेपीईजीमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात. बारा बिटांच्या रॉमध्ये त्या ४०९६ असतात आणि चौदा बिटांच्या रॉमध्ये १६३८४. काळ्या कापडाचे व्यापारी या आकड्यांकडे लक्ष देतील तर बरे. बुरख्याचे काळे कापड, त्यावर काळ्याच दोऱ्याचे भरतकाम, हा फोटोतील सर्वांत अवघड माल होय. जेपीईजीमध्ये असा माल एक तर काळ्या डागासारखा दिसतो, नाही तर उजळ करू गेले की राखाडी आणि डागाळलेला होतो. रॉमध्ये त्या काळ्याच्या पोटात पुष्कळ पायऱ्या शिल्लक असतात, म्हणून नक्षी वर काढता येते आणि कापड काळेच राहते.

आमच्या मोरपंखी साडीचे काय झाले होते, ते आता सांगतो. ज्याच्याकडून फोटो काढून घेतला त्याने ट्यूबलाईटखाली, कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडून, रंग भडक दाखविणाऱ्या सेटिंगवर थेट जेपीईजी काढला. कॅमेऱ्याने उजेडाचा अंदाज चुकविला आणि हिरवी झाक खाऊन टाकली. ग्रे तर त्याने ठेवलेच नव्हते. मग दुरुस्ती कशाची करणार?

एक ग्रे, अनेक प्रोसेस हाउस

रॉ फाईल तशीच ग्राहकाला पाठविता येत नाही. तिला उघडून, रंग व उजेड ठरवून, शेवटी जेपीईजी करणारे सॉफ्टवेअर लागते. हे सॉफ्टवेअर म्हणजे आपले प्रोसेस हाउस. एकच ग्रे दोन प्रोसेस हाउसला दिले तर दोन्हीकडून येणारे फिनिश वेगळे असते. तसेच एकच रॉ फाईल दोन सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर रंग वेगळा दिसतो. यात कोणी लबाडी करीत नाही. प्रत्येकाची कृती वेगळी असते.

याचे कारण कॅमेऱ्याच्या पोटात आहे. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर लहान लहान रंगीत काचांची जाळी असते. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांनी ती शोधली आणि १९७६ साली तिचे पेटंट मिळाले. या जाळीत निम्मे ठिपके हिरवे, पाव लाल आणि पाव निळे असतात. म्हणजे प्रत्येक ठिपका एकच रंग टिपतो. उरलेले दोन रंग शेजारच्या ठिपक्यांवरून हिशेब करून भरण्याचे काम सॉफ्टवेअर करते. हा हिशेब कसा करावयाचा याच्या निरनिराळ्या पद्धती आहेत.

कापडवाल्याशी याचा थेट संबंध येतो. बारीक चौकडी, बारीक पट्टे किंवा उभ्या-आडव्या धाग्यांची सफाईदार वीण आणि सेन्सरची जाळी एकमेकांत अडकतात. मग फोटोत इंद्रधनुष्यासारख्या लाटा उठतात. याला मॉयरे म्हणतात. साध्या शर्टिंगवर लहरिया दिसू लागला तर समजावे की हा प्रकार आहे. लाईटरूम आणि कॅप्चर वन यांत या लाटा काढण्यासाठी वेगळे हत्यार आहे. रॉथेरपीमध्ये रंग भरण्याच्या अनेक पद्धतींतून निवड करता येते आणि खोटे रंग दाबण्याची सोयही आहे. परंतु अनुभवाने सांगतो, कॅमेरा वीतभर पुढे-मागे घ्यावा किंवा कापड थोडे तिरके करावे, निम्म्या लाटा तेथेच जातात.

कॅमेऱ्याच्या दोषाचे एक जुने उदाहरण येथे देण्यासारखे आहे. २००६ साली लायका या नामांकित जर्मन कंपनीचा एम-८ हा महागडा कॅमेरा बाजारात आला. त्यात काळे सिंथेटिक कापड जांभळट दिसू लागले. पुष्कळ सिंथेटिक काळी कापडे डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण परत फेकतात आणि तो कॅमेरा ते किरण पुरेसे अडवीत नव्हता. कंपनीला अखेर ग्राहकांना मोफत फिल्टर द्यावे लागले. एवढ्या मोठ्या कंपनीला काळ्या कापडाने हिसका दाखविला, तर आपल्यासारख्यांनी फोटोतील काळ्यावर डोळे मिटून विश्वास का ठेवावा?

भाड्याचे, विकतचे आणि मोफत

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? बाजारात तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार भाड्याचा. अडोबी कंपनीचे लाईटरूम हे त्यातील सर्वांत प्रसिद्ध. २००७ साली ते प्रथम आले तेव्हा एकदा पैसे भरून कायमचे मिळत असे. विकत मिळणारी शेवटची आवृत्ती, लाईटरूम ६, २०१५ साली निघाली. २०१७ साली कंपनीने जाहीर केले की यापुढे तशी आवृत्ती निघणार नाही. तेव्हापासून मासिक किंवा वार्षिक भाडे. सॉफ्टवेअर वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. शिकण्यास सोपे आहे, शिकविणारे गल्लोगल्ली आहेत आणि शंभर फोटोंना एकाच वेळी एकच दुरुस्ती लावता येते. पण भाडे थांबले की लाईटरूम क्लासिकमधील दुरुस्तीचा विभाग बंद होतो. जुने फोटो बघता येतात, बाहेर काढता येतात, परंतु त्यांवर पुढे काम करता येत नाही. धंद्यात कधी मंदी येते, कधी उधारी अडकते. अशा महिन्यात जे भाडे भरता येणार नाही, त्यावर आपले सारे कॅटलॉग अवलंबून ठेवावे काय, याचा विचार प्रत्येकाने करावा.

दुसरा प्रकार विकतचा. डेन्मार्कचे कॅप्चर वन आणि फ्रान्सचे डीएक्सओ फोटोलॅब ही यातील मोठी नावे. कॅप्चर वन विकत आणि भाड्याने अशा दोन्ही रीतींनी मिळत आले आहे. कॅमेरा वायरने संगणकाला जोडून फोटो काढताच मोठ्या पडद्यावर पाहण्याची सोय त्यात उत्तम आहे. ज्यांच्याकडे रोज शेकडो नगांचे शूटिंग होते अशा स्टुडिओंना ते परवडते व शोभते. लहान व्यापाऱ्याला मात्र त्याची किंमत जड आहे. विकत घेतलेले कायमचे आपले, असेही पूर्णपणे समजू नये. अॅपल कंपनीचे अॅपर्चर नावाचे सॉफ्टवेअर २००५ साली आले, लोकांनी ते रोख पैसे देऊन घेतले, आणि २०१४ साली कंपनीने त्यावरील काम थांबवीत असल्याचे सांगितले. २०१९ च्या मॅक प्रणालीवर ते चालेनासे झाले. ज्यांनी वर्षानुवर्षांचे काम त्यात केले होते त्यांना दुसरे घर शोधावे लागले.

तिसरा प्रकार मोफत. यातही दोन पोटप्रकार आहेत. एक, कॅमेरा कंपन्यांनी स्वतःच्या कॅमेऱ्यासाठी दिलेले. कॅननचे डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचे एनएक्स स्टुडिओ, सोनीचे इमेजिंग एज. कॅमेरा घेणाऱ्याला ही मिळतात, तरी कित्येकांनी ती कधी उघडलेलीही नसतात. त्यांचा गुण असा की कॅमेऱ्याच्या पडद्यावर जसा रंग दिसतो, जवळजवळ तसाच तेथे दिसतो. दोष असा की ती दुसऱ्या कंपनीच्या रॉ फाईलसाठी नाहीत आणि चालतातही थोडी रेंगाळत.

दुसरा पोटप्रकार मुक्त सॉफ्टवेअरचा. याच्या मुळाशी एका माणसाची मेहनत आहे. कॅमेरा कंपन्या आपल्या रॉ फाईलची रचना उघड करीत नसत. डेव्ह कॉफिन या अमेरिकन प्रोग्रामरने १९९७ साली डीसीरॉ नावाचा छोटा प्रोग्राम लिहिण्यास सुरुवात केली आणि एकेका कॅमेऱ्याच्या फाईलचे कुलूप उघडून तो सर्वांना मोफत दिला. पुढे कितीतरी सॉफ्टवेअर त्याच्या आधारावर उभे राहिले. रॉथेरपी हे हंगेरीच्या गाबोर होर्वाथ यांनी सुरू केले व २०१० साली मुक्त केले. डार्कटेबलची सुरुवात २००९ सालची. दोन्ही विंडोज, लिनक्स आणि मॅक यांवर चालतात. दोन्हींना पैसे पडत नाहीत, भाडे नाही आणि कितीही संगणकांवर घाला, कोणी विचारणार नाही. आमच्या दृष्टीने त्यांचा आणखी एक मोठा गुण आहे. केलेल्या दुरुस्तीची नोंद ती फोटोच्या शेजारी एका लहान फाईलमध्ये ठेवतात. मूळ रॉला हात लावीत नाहीत. वही आपल्याच पेढीत राहते, दुसऱ्याच्या गोदामात नाही.

दोन्हींत फरक आहे तोही सांगतो. डार्कटेबलमध्ये फोटोंची वर्गवारी, खुणा, निवड यांची व्यवस्था चांगली आहे, पण दुरुस्तीची साधने इतकी आहेत की नवीन माणूस गोंधळतो. चांगले ग्राफिक कार्ड असले तर ते वेगाने चालते, नसले तर जुन्या संगणकावर दमते. रॉथेरपीमध्ये वर्गवारी साधी आहे, परंतु एका लॉटच्या पहिल्या फोटोवर केलेली दुरुस्ती उरलेल्या फोटोंवर चिकटविणे अगदी सोपे आहे. आमच्या दुकानातील हिशेबनीस मुलगा आठ दिवसांत ते शिकला.

आम्ही घेतलेली परीक्षा

जाहिरात वाचून रंग ठरविणारा कापडवाला आम्ही पाहिलेला नाही. म्हणून आम्ही सॉफ्टवेअरची परीक्षाही शेडच्या परीक्षेसारखीच घेतली. चार नग निवडले. कोरे पांढरे, काळे, राणी रंगाचे आणि तीच ती मोरपंखी साडी. उत्तरेकडच्या खिडकीच्या उजेडात, शेजारी करड्या रंगाचे कार्ड ठेवून, प्रत्येकाचा रॉ फोटो काढला. मग कॅमेरा कंपनीचे सॉफ्टवेअर, लाईटरूमची काही दिवसांची मोफत चाचणी, रॉथेरपी आणि डार्कटेबल यांत तेच चार फोटो एकेक करून उघडले. करड्या कार्डावर टिचकी मारून उजेडाचा समतोल साधला. त्यापलीकडे शक्य तितके कमी केले. शेवटी पडद्याशेजारी प्रत्यक्ष कापड धरून रंगाऱ्याला बोलाविले. ज्याच्यावर आम्ही अन्याय केला होता त्यालाच पंच केले.

निकाल असा. करड्या कार्डाचा वापर केल्यावर चारही ठिकाणी पांढरे पांढरे आले आणि काळे काळे. तेथे फरक नगण्य होता. राणी रंगात फरक पडला. लाईटरूमने मूळ ठरावीक सेटिंगवर तो थोडा भडक दाखविला, साधे न्यूट्रल प्रोफाईल निवडल्यावर तो जागेवर आला. रॉथेरपी सुरुवातीला फिके वाटले, पण कॅमेऱ्याचे योग्य प्रोफाईल दिल्यावर रंगाऱ्याने मान हलविली. मोरपंखी मात्र कोणालाही शंभर टक्के जमला नाही. याचेही कारण आहे. मोबाईल व संगणकाचे बहुतेक फोटो ज्या रंगमर्यादेत बसवितात ती एसआरजीबी नावाची मर्यादा १९९६ सालची आहे. गर्द मोरपंखी, फिरोजी असे काही रंग तिच्या बाहेर पडतात. कापडावर जो रंग रंगारी देऊ शकतो तो पडदा देऊ शकत नाही. अशा वेळी सॉफ्टवेअर बदलून उपयोग नाही. फोटोखाली सरळ लिहावे : ‘प्रत्यक्ष रंग याहून हिरवट व गर्द आहे.’

या परीक्षेनंतर आमचे मत पक्के झाले. ज्यांच्या दुकानात महिन्याला शे-दोनशे फोटो होतात त्यांनी प्रथम कॅमेरा कंपनीचे मोफत सॉफ्टवेअर वापरून पाहावे. ते अपुरे पडले तर रॉथेरपी शिकावे. फोटोंचा साठा फार वाढला आणि संगणक चांगला असला तर डार्कटेबल. ज्यांचा फोटो हाच धंदा आहे, रोज शेकडो नग आहेत, वेळेला किंमत आहे, त्यांनी लाईटरूम किंवा कॅप्चर वन अवश्य घ्यावे. त्यांचे भाडे त्यांच्या कामातून निघते. आमच्यासारख्यांनी त्यांचे बघून घेऊ नये. शेजाऱ्याने मोठा टेम्पो घेतला म्हणून आपण हातगाडी विकीत नाही.

आणखी एक सूचना. सॉफ्टवेअर मालकाने निवडू नये. जो रोज त्यावर बसणार आहे, त्याने निवडावे. मुलगा, मुलगी, पुतण्या, नोकर, जो कोणी असेल त्याला चारही ठिकाणी तेच पन्नास फोटो करू द्यावेत आणि घड्याळ लावून बघावे. कॅमेरा नवीन असेल तर सॉफ्टवेअर त्याची फाईल उघडते की नाही हे आधी तपासावे. उघडत नसेल तर अडोबीचेच एक मोफत साधन आहे, ते रॉ फाईल डीएनजी या २००४ साली आलेल्या खुल्या प्रकारात बदलून देते. मोबाईलवरून काम करणाऱ्यांनीही निराश होऊ नये. अँड्रॉइडमध्ये २०१४ पासून रॉ फोटोची सोय आहे, अनेक फोनच्या प्रो मोडमध्ये ती सापडते, आणि स्नॅपसीडसारखे मोफत अॅप डीएनजी फाईल उघडते.

चोरीची प्रत नको

आमच्या बाजारात एक वाक्य सर्रास ऐकू येते : ‘पैसे कशाला देता, फुकटात घालून देतो.’ म्हणजे चोरीची प्रत. या बाबतीत आमचे मत स्पष्ट आहे. आपण महिनाभर खपून डिझाइन काढतो, ते दुसऱ्या दिवशी कोणी उचलून हलक्या कापडावर छापतो, तेव्हा आपण किती संताप करतो? सॉफ्टवेअर लिहिणाराही कारागीरच आहे. त्याच्या मेहनतीची चोरी ती चोरी नव्हे, असे कसे म्हणता येईल? हा झाला नीतीचा भाग. व्यवहाराचा भाग असा की चोरीच्या प्रतीबरोबर संगणकात काय शिरते हे कोणालाच माहीत नसते. ज्या संगणकात जीएसटीचा हिशेब आणि बँकेचा व्यवहार आहे त्यात अनोळखी माणसाला किल्ली देण्यासारखे ते आहे. आणि जेव्हा उत्तम सॉफ्टवेअर हक्काने मोफत मिळत आहे, तेव्हा चोरी करण्याची सबबही राहत नाही.

जे सॉफ्टवेअर करू शकत नाही

एवढे सांगूनही एक गोष्ट सांगणे राहतेच. सॉफ्टवेअर हा शेवटचा हात आहे. आधीचे हात चुकले तर तो काही करू शकत नाही. आपले वडीलधारे कापड घेऊन दुकानाच्या दाराशी उजेडात का जात? कारण दिव्याखाली एक दिसणारे दोन रंग उन्हात वेगळे निघतात, हे त्यांना पुस्तकाशिवाय माहीत होते. तीच शिस्त फोटोत पाळावी. दोन प्रकारचे उजेड एकत्र करू नयेत. खिडकीचा उजेड असेल तर ट्यूबलाईट बंद. दिवे लावायचेच तर रंग खरे दाखविणारे, सीआरआय नव्वदच्या वर असलेले घ्यावेत. करडे कार्ड प्रत्येक लॉटच्या पहिल्या फोटोत असावे. संगणकाच्या पडद्यावर रात्रीचा पिवळा फिल्टर चालू असेल तर तो बंद करावा, नाही तर सगळी मेहनत पाण्यात. व्हॉट्सअॅपवर फोटो दाबला जातो, म्हणून महत्त्वाचा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

आजकाल बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. एक बटण दाबले की फोटोतील दाणे नाहीसे होतात, कापड रेशमासारखे गुळगुळीत दिसते. येथे सांभाळावे. हातमागाच्या कापडात मधूनच जाड होणारा धागा, वीणीतील किंचित उंच-सखलपणा हीच त्याच्या अस्सलपणाची खूण असते. ती पुसली तर ग्राहकाला यंत्रमागाचे कापड दिसते आणि विणकराच्या हाताची किंमत जाते. उलट दिशेने, साध्या कापडावर नसलेली वीण उठविली जाते. दोन्ही प्रकार नमुन्यात फेरफार करण्याचेच आहेत. फोटो हा आता नमुना आहे. नमुना चांगला दाखवावा यात गैर नाही. धूळ काढावी, सुरकुती टाळावी, उजेड नीट द्यावा. पण नमुना मालापेक्षा चांगला दाखवू नये. मालातील ऐब ग्राहकाला दाखवून मग विकावा, हे आपल्याला लहानपणापासून शिकविले आहे. गिऱ्हाईक समोर गादीवर बसलेले असो की पाचशे किलोमीटरवर मोबाईल हातात घेऊन बसलेले असो, नियम एकच.

ज्या दुकानदाराने माल परत केला होता त्यांना आम्ही नवीन फोटो पाठविले. सोबत प्रत्येक शेडची दोन बोटांची चिंधी पोस्टाने पाठविली आणि लिहिले की मागच्या वेळी चूक आमच्या फोटोची होती, माल खरा होता. त्यांनी चिंध्या फोटोशी लावून पाहिल्या असतील. पंधरा दिवसांनी लहानशी ऑर्डर आली. बावीस वर्षांच्या व्यवहारात इतकी लहान ऑर्डर कधी आली नव्हती, आणि कोणत्याही ऑर्डरने आम्हांला इतका आनंद झाला नव्हता. तो लॉट त्याच रंगाऱ्याने रंगविला.

व्यापारी बंधूंना शेवटी एवढीच विनंती आहे. पुढच्या वेळी माल परत आला, तर रंगाऱ्याला, विणकराला किंवा शिवणाऱ्याला बोलाविण्यापूर्वी फोटो आणि कापड घेऊन एकदा दुकानाच्या दाराशी उजेडात जा. आम्ही गेलो नाही. आम्ही केली ती चूक तुम्ही करू नका.